भेसळीची ताटं

ज्वारीच्या रानातलं सगळ्यात देखणं ताट उपटून बांधावर फेकायचं, हे ज्याला सांगाल तो तुम्हाला वेड्यात काढेल. आमच्या घरानंही मला वेड्यातच काढलं. त्या एका हिवाळ्यात मी किती वेळा कपाळ बडवून घेतलं असेल त्याची मोजदाद नाही. अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो अन् सून आतून विचारते, "आई, बीपीची गोळी घेतली का?" घेतली बाई, घेतली. गोळीनं जाणारं दुखणं असतं तर केव्हाच गेलं असतं.

आमचं घर अहमदपूरहून उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, रानातच होतं. भावकीच्या वाटण्या झाल्या तेव्हा गावातलं घर दुसऱ्यांना गेलं अन् अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या वाट्याला साडेचार एकर रान आलं. मग त्यांनी रानातच पत्र्याच्या तीन खोल्या घातल्या. मागचं दार उघडलं की पाऊल थेट काळ्या मातीत. पावसाळ्यात ती माती चपला ओढून घ्यायची अन् हिवाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की मायची सांडशी एकदा भेगेत गेली ती गेलीच. सकाळी मला जाग यायची भाकरीच्या आवाजानं. माय काटवटीत थापायची, आत्या चुलीपुढं बसून भाजायची. आधी थपथप, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज, मग दोघींचं भांडण. भांडण रोजचं अन् एकाच गोष्टीवरून: मायला भाकरी पातळ लागायची, आत्याला जाड. तोंडी लावायला जवसाची चटणी, वरून कच्चं तेल, अन् येसराची आमटी असेल त्या दिवशी अण्णा दोन भाकरी जास्त खायचे. सगळी भाकर घरच्या ज्वारीची. विकतच्या ज्वारीला आत्या नाक मुरडायची. म्हणायची, "दुसऱ्याच्या रानातलं कणीस, त्येला आपली वळख न्हाई."

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला आक्का म्हणत. तिला दोनदा दिवस राहिले होते अन् दोन्ही खेपेला मूल पोटातच गेलं. मग सासरच्यांनी दुसरी करून आणली अन् आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडं आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल, कारण मायचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेलं. आत्याचे काही कायदे होते. गाभण म्हशीवर ओरडायचं नाही. वेलाला लागलेल्या कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवायचं नाही. पोटऱ्यात आलेल्या ज्वारीत, म्हणजे कणीस अजून पानात झाकलेलं असतं तेव्हा, मोठ्यानं भांडायचं नाही. त्या दिवसांत ज्वारी पोटुशी असते असं ती म्हणायची, अन् ती एकटीच नाही, आमच्याकडं सगळेच म्हणतात. वेळ अमावस्येला उगाच का सगळा गाव रानात जेवायला जातो? ती पिकाची ओटी भरण्याचाच दिवस. पण बाकीचे तो दिवस पाळतात अन् दुसऱ्या दिवशी विसरतात. आत्या विसरत नव्हती, तिथंच घोडं अडलं.

मी दहावी झाले होते अन् घरी बसले होते. आमच्या गावची शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकायचं तर लातूर, अन् लातूर म्हणजे वसतिगृह. माझ्यापेक्षा धाकटा भाऊ मामाकडं राहून शिकत होता, दर वर्षी एकदोन विषयांत आपटत होता अन् त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. मी पहिल्या वर्गात पास झाले तर मला शेण काढायला लावलं. एक वर्ष असंच गेलं. मामानं त्यांच्या गावचं एक स्थळही सांगून ठेवलं होतं, पोरगा ट्रॅक्टर चालवतो म्हणे. मी ताट बाजूला सरकवून दोन दिवस जेवले नाही, तर माय म्हणाली, "न्हाई जेवली तर भाकर म्हशीला घालते." अशी आमची माय.

तेव्हा उदगीरच्या बाजारात बियाण्याचं दुकान असलेले मुजीबचाचा आमच्याकडं आले. अण्णांचे जुने दोस्त. वाणी गोड, पान खाऊन ओठ कायम लाल. त्यांनी सांगितलं की एक कंपनी संकरित ज्वारीचं बियाणं शेतकऱ्यांकडून तयार करून घेतेय, आपल्या भागात दोन एकराचा प्लॉट द्यायचाय, अन् अण्णांचं रान त्याला सोयीचं, कारण चारी बाजूंनी दुसऱ्याची ज्वारी नाही, हरभरा अन् करडई आहे. "लेकिन भाऊ, ह्येच्यात हिशेबानं काम लागतंय. चार वळी मादीच्या, दोन वळी नराच्या. पेरताना चुकलं की खलास." अण्णांनी डोकं खाजवलं. मी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. म्हटलं, मी करते. चाचा हसले, म्हणाले, "बेटा, तूच कर. तुझ्या बापाला वळ सरळ मारता येती, पर मोजता येत न्हाई."

अण्णांनी त्या रात्रीच नाही, चार दिवस विचार करून बोलणी केली. ते असेच. म्हशीला पाणी दाखवता दाखवता म्हणाले, "शके, प्लॉटचा जिम्मा तुझा. पास झाला तर बियाण्याचा भाव भेटंल, त्येच्यात तुझं वसतिगृह निघतंय. जूनला तुला लातूरला घालतो. न्हाई पास झाला तर मामाला हाव म्हनून सांगतो. मंग तोंड वर करून बोलायचं न्हाई." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पास करणार होते तालुक्याचे बियाणं तपासणारे साहेब. दोनदा येणार होते, एकदा पीक गुडघ्याला आल्यावर अन् एकदा फुलोऱ्यात. त्या दुसऱ्या खेपेवर सगळं होतं.

साहेब पहिल्यांदा आले ते मोटारसायकलवर, कानाला मफलर बांधून. बिचारा शांत माणूस, रागावून बोललेला मी ऐकला नाही. त्यांनी मला ओळींतून फिरवलं अन् एक ताट दाखवलं. आजूबाजूच्यापेक्षा हातभर उंच, पेरं जाड, पान रुंद, काळंशार हिरवं. "हे काय आहे?" मी म्हटलं, चांगलं ताट आहे. "ही भेसळ," ते म्हणाले. "बियाण्यात दुसऱ्या जातीचे दाणे थोडे येतातच. ते असे उंच, जोमदार वाढतात. ह्याचं पीस, म्हणजे फुलोऱ्याचा तुरा, बाहेर आला की ह्याचा पराग मादीच्या ओळीवर पडणार अन् सगळं बियाणं बाद. म्हणून फुलोऱ्याच्या आधी, वेगळं दिसेल ते ताट मुळासकट उपटायचं. एकही ठेवायचं नाही." मी म्हटलं, एकही ठेवणार नाही. आता आठवलं की हसू येतं, माझ्या तोंडाला किती घाई होती.

कारण पुढं जे सुरू झालं त्याला तमाशाच म्हणावं लागेल. गावात बातमी पसरली की शकू ज्वारीची लग्नं लावायली. पाणंदीतून जाणारा येणारा विचारायचा, "काय ग, नवरदेव कुठं हायत?" भावकीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या अन् नराच्या ओळीपुढं पदर डोक्यावर घ्यायच्या. हे परवडलं. पण घरचे? मायनं एकदा म्हशीला घालायला म्हणून नराच्याच ओळीतली पानं काढून आणली. म्हणाली, "तिथली हिरवीगार व्हती." अण्णांना चार अन् दोनचा हिशेब शेवटपर्यंत कळला नाही, ते कोळपायला डवरा घेऊन आले की मला ओळीच्या तोंडाशी उभं राहावं लागायचं. अन् कुणीही रानात आलं की अण्णा त्यांना नेमकं भेसळीचं ताट दाखवायचे. "बगा, काय सोटा हाय!" मी ते ताट त्यांच्या देखत उपटायची अन् अण्णांचा चेहरा असा व्हायचा की जणू मी त्यांच्या थोबाडीत मारली. एकदा त्यांनी माझा हात धरला. "आगं, सगळ्यात चांगलं तेच काढायलीस. बारकं ठिवायलीस. कुटली पद्धत म्हनायची ही?" मी दहा वेळा समजावलं. ते दहा वेळा मान हलवायचे अन् अकराव्या वेळी तेच विचारायचे. खरं सांगू? त्यांचं काही चुकत नव्हतं. सात पिढ्या ज्यांनी सगळ्यात टपोरं कणीस हुडकून बियाण्याला आढ्याला टांगलं, त्यांच्या हाताला हे उलटं शिकवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. पण तेव्हा मला कुणाचं खरं-खोटं ऐकायचं नव्हतं. मला लातूरला जायचं होतं.

मार्गशीर्ष निम्मा सरला अन् ज्वारी पोटऱ्यात आली. आता आठवड्याभरात पीस बाहेर पडणार, म्हणजे शेवटची भेसळ याच दिवसांत काढायला हवी. दोन एकर मी एकटीनं चार दिवसांत पालथं घालणं शक्य नव्हतं. माय मजुरीला, अण्णा हरभऱ्यावर फवारायला. मी आत्याला म्हटलं, चल. ती लगेच निघाली, हे मला तेव्हा विशेष वाटायला हवं होतं. मी घराकडची बाजू घेतली, तिला ओढ्याकडची दिली. दाखवून दिलं: हे असं उंच, हे असं रुंद पानाचं, मुळासकट. ती हाव हाव म्हणत होती. पहिल्या दिवशी मी बांधावर भेसळीचा ढीग घातला. तिच्या बाजूला ढीग बारकाच होता. "वड्याकडं कमीच हाय ग," ती म्हणाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी बांधावर चढून टाचा उंचावून बघितलं. सगळं रान एका पातळीत. कुठंही डोकं वर काढलेलं ताट नाही. मला इतका आनंद झाला की मी आत्याच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "झालं ना ग तुझं मनासारकं?" मी म्हटलं, झालं.

वेळ अमावस्येला त्यानंतर सहा दिवस होते अन् साहेब अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. ते सहा दिवस घरात नुसती धांदल. वेळ अमावस्या आमच्याकडं दिवाळीच्या वरताण. तुरीच्या अन् वालाच्या शेंगा सोलायच्या, हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडायचे, बोरं, गाजरं, चिंच, सगळं गोळा करायचं. भज्जीला निदान पंधरा भाज्या तरी हव्यात असं मायचं म्हणणं. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील शिजवायची, ती मातीच्या बिंदग्यात भरून तोंडाला फडकं बांधून रात्रभर ठेवायची. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. मी रानात गेलेच नाही. कशाला जाऊ? काम झालं होतं. अमावस्येला सकाळी अण्णांनी कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, घातली, आत पाच खडे चुन्यानं रंगवून मांडले, आत्यानं नवी साडी कोपीवर पांघरली. पूजा झाली. भावकीतली वीस-पंचवीस माणसं पंगतीला होती, मुजीबचाचा बायकापोरांसह उदगीरहून आले होते, ते दर वर्षी यायचे अन् भज्जीवर सगळ्यात जास्त हात मारायचे. मग अण्णांनी बिंदगं खांद्यावर घेतलं अन् "व्हलगे, व्हलगे" म्हणत रानाच्या कडेनं आंबील शिंपत निघाले. त्यांच्या मागं मी. ओढ्याच्या अंगाला वळलो अन् माझे पाय जागीच थांबले.

मादीच्या ओळींमधून उंच ताटं उभी होती. एक नाही, दोन नाही. बुडाशी सगळी वाकडी, जमिनीलगत आडवी झालेली, अन् मग पेऱ्यापेऱ्यातून वळून पुन्हा सरळ वर गेलेली. काहींचं पीस अजून पानात होतं, बऱ्याच जणांचं बाहेर पडून पिवळ्या भुकटीनं भरलं होतं. जरा वारा आला की ती भुकटी उडत होती. मी एकाच्या बुडाशी बघितलं. ताट हळूच आडवं करून त्याच्या मुळावर ढेकूळ दाबून बसवलेलं होतं, वरून शेजारच्या ताटांची पानं गुंतवलेली. इतक्या निगुतीनं की एकही मोडलं नव्हतं. आडवं झालेलं ज्वारीचं ताट पाच-सहा दिवसांत उठतंच, हे शेतकऱ्याच्या लेकराला सांगायला लागत नाही. आत्याला ते माहीत होतं.

मी तिथल्या तिथं एक ताट धरलं अन् ओढलं. अण्णांनी माझं मनगट पकडलं. "आज न्हाई!"

"अण्णा, साहेब उद्या येणारेत!"

"येऊ दे साहेबाला. आज ओटी भरलीय. आज रानातली काडी मोडायची न्हाई. मानसं बसलीत, अभद्र करू नको."

मी चाचांकडं धावले. त्यांना कळलं, त्यांचा घास हातातच राहिला. पण ते तरी काय करणार? म्हणाले, "बेटा, त्यौहार तुमचा हाय. मी कसं सांगू उपटा म्हनून? पहाटं उठून काढ." मी मायकडं बघितलं, माय वाढत होती. आत्या कोपीपाशी बसली होती, माझ्याकडं न बघता खीर ढवळत होती. सगळे हसत होते, खात होते, पोरं झाडाला झोका बांधत होती, अन् मी एकटी उभी राहून ती पिवळी भुकटी उडताना बघत होते. माझ्या आयुष्यात मला इतका संताप पुन्हा कधी आला नाही. नवरा माझा भोकरचा, मामानं सांगितलेला तोच, त्यानंही पुष्कळ प्रयत्न केले, पण तितका नाही.

तांबडं फुटायच्या आत मी रानात होते. उपटत सुटले. दहिवरानं परकर गुडघ्यापर्यंत भिजला, पानांनी हात कापले. निम्म्या ओळी झाल्या असतील तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. साहेब बांधावर उभे राहिले, त्यांनी माझे हात बघितले, ढीग बघितला, अन् आत शिरले. दहा ठिकाणी उभं राहून त्यांनी ताटं मोजली. एका कणसाला बोट लावलं, बोट पिवळं झालं. अण्णा आले, आत्या आली, माय दारातच थांबली.

"मुली, तू काढलेल्यांचाही पराग आधीच उडून गेलाय," साहेब म्हणाले. "मादीनं तो घेतलाय. आता काही करता येत नाही. प्लॉट नापास करावा लागेल मला."

मी म्हटलं, पुन्हा या. आठ दिवसांनी या. एकदा बघा. मी त्यांच्या पायाही पडले असते. ते म्हणाले, "पुन्हा येण्यात अर्थ नाही ग. फुलोरा झाला की झालं." त्यांनी कागदावर सही केली अन् अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जिम्मा तुझा व्हता ना? ही काय ठिवलीस मंग?"

मी ठेवलेली! तिथं माझं डोकं फिरलं. मी आत्याकडं बोट केलं अन् ओरडले, "हिनं ठेवली! हिनं लपवून ठेवली! विचारा हिला!"

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अण्णांनी विचारलं, "आक्का, खरं हाय?" तिनं टोक उलगडलं. मग म्हणाली, "पोटात कनीस व्हतं रे त्येंच्या. हाताला लागत व्हतं. कसं उपटू?"

अन् मग मी ते बोलले. साहेबांच्या देखत, अण्णांच्या देखत. म्हटलं, "तुझं पोट रिकामं राह्यलं म्हनून माझं आयुष्य नासवलंस का?"

अण्णांनी हात उगारला होता, पण मारलं नाही. साहेबांनी मोटारसायकलला किक मारली.  आत्या वळली अन् घरात गेली, अन् त्या दिवशी भाकरी मायनंच थापल्या अन् मायनंच भाजल्या.

आता इतक्या वर्षांनी लोकांना वाटतं की मी म्हणावं, माझं चुकलं. चुकलंच. ते वाक्य मी परत घेऊ शकले असते तर घेतलं असतं. पण माझा राग गेला का? नाही गेला. मला आत्याचा राग येतो, की बाई, मला तोंडावर सांगायचं होतंस, माझ्यानं होत नाही म्हणून. मी दिवे लावून उपटलं असतं. अण्णांचा येतो, की एका दिवसाच्या काडीसाठी माझा हात धरला. माझा तर सगळ्यात जास्त येतो, की बांधावर टाचा उंचावून बघितलं अन् ओळीत वाकून बघितलं नाही. लातूर मला दिसलं ते नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, दवाखान्याच्या खिडकीतून. समोर मुलींचं कॉलेज होतं. पोरी दप्तरं घेऊन आत जात होत्या, अन् मी सलाईनची बाटली संपली का ते बघत होते. हे असं आहे. यातून काही शिकवण काढायची असेल तर ज्याची त्यानं काढावी, मला सापडली नाही.

पण त्या आठवड्यातलं सांगायचं अजून राहिलंच आहे. साहेब गेल्यानंतर दोन दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही, मीही बोलले नाही. अण्णांनी मामाला निरोप धाडला. प्लॉटकडं कुणी फिरकलं नाही. ते बियाणं आता नुसतं खायचं धान्य होतं, भेसळ राहिली काय अन् गेली काय. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या घरात नव्हती. म्हैस तशीच हंबरत होती. मी तणतणत धार काढली. दुपारी मागच्या दारात काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर आत्या उभी. तिच्या पुढ्यात ज्वारीच्या ताटांचा ढीग, कमरेएवढा. सगळी उंच, सगळी मुळासकट, मुळांना ओली माती. काहींचं कणीस अजून पानातच होतं, फुगलेलं. तिचे दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत चिरलेले, अन् कपाळावर माती.

"सगळी काढली," ती म्हणाली. "वाकून वाकून बगितलं. पोटऱ्यातली बी सोडली न्हाई. एक बी ठिवलं न्हाई बग शके. मोजून घी."

मी ढिगातलं वरचं ताट हातात घेतलं.

"आता त्या साहेबाला निरोप धाड. म्हनावं, या अन् बगून जावा. म्हनावं म्हातारीची चूक व्हती, पोरीची न्हाई. मंग करतील न्हवं पास?"

फुलोरा झाला की झालं, हे साहेब बोलले तेव्हा तीही तिथंच होती. पण तेव्हा तिला ते ऐकू आलं नसेल, किंवा ऐकू आलं असेल अन् समजलं नसेल. सांगायला हवं होतं मी, की आत्या, ह्याचा काही उपयोग नाही, तू हे उगीच केलंस. ते शब्द तोंडापर्यंत आले. तिच्या हातांकडं बघितलं अन् मी म्हटलं, "हाव. धाडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, केस विंचरले, साहेबासाठी तांब्याभर पाणी घेतलं अन् त्यांना बसायला म्हणून एक पोतं झटकून काखेत मारलं. दारातून वळून मला म्हणाली, "चल की ग. तुलाच इचारतील ते." निरोप मी धाडलाच नव्हता, तरी गेले. तिनं बांधावर पोतं अंथरलं, तांब्यावर पान झाकलं, अन् आम्ही दोघी पोत्याच्या दोन्ही बाजूंना मातीत बसून राहिलो, दिवस डोक्यावर येईपर्यंत.